विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारसाठी ट्यूब ॲम्प घ्यावा की डिजिटल मॉडेलर? फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वादकांना काय सोयीचे?

इलेक्ट्रिक गिटार विकत घेणे तुलनेने सोपे. रंग आवडला, नेक हाताला बसली, खिशाला परवडले की व्यवहार होतो. खरा गोंधळ त्यानंतर सुरू होतो, कारण ही गिटार नुसती वाजवली तर शेजारच्या खोलीतही धड ऐकू जात नाही. तिला आवाज देतो तो ॲम्प्लिफायर. काचेच्या ट्यूबवर चालणारा जुन्या पद्धतीचा ॲम्प घ्यायचा की त्याचा आवाज संगणकीय गणिताने उभा करणारा डिजिटल मॉडेलर, यावर गिटारवादकांमध्ये २५ वर्षांहून अधिक काळ वाद सुरू आहे. दोन्ही बाजू सहसा ‘आवाज कुणाचा चांगला’ यावरच भांडतात. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या वादकासमोरचा प्रश्न मात्र वेगळा आहे. लाखभर रुपये मोजून घेतलेला आवाज घरात वाजवता येणार आहे का?

ट्यूब म्हणजे नेमके काय?

ज्यांच्या घरी मर्फीचा किंवा फिलिप्सचा जुना रेडिओ होता, त्यांना ट्यूब वेगळी समजावून सांगायला नको. आपल्याकडे तिला व्हॉल्व्ह म्हणत. बटण फिरवले की लगेच आवाज येत नसे. आत तांबूस उजेड दिसू लागे, थोडा वेळ जाई आणि मग बातम्या सुरू होत. ट्यूब ॲम्प आजही तसाच तापतो. निर्वात नळीतला तापलेला कॅथोड इलेक्ट्रॉन सोडतो, समोरची प्लेट ते ओढून घेते. मधल्या जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, गिटारचा क्षीण सिग्नल दिला की या प्रवाहात त्याची कैक पट मोठी प्रतिकृती उमटते.

रेडिओने ट्यूब सोडली, टीव्हीने सोडली, संगणकाने तर कधीच सोडली. भारतातही बेंगळूरुच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. त्यातले ईसीसी८३ आणि ईएल८४ हे प्रकार आजच्या गिटार ॲम्पमध्येही चालतात आणि ‘बेल’ छापाचे जुने व्हॉल्व्ह शोधणारे हौशी लोक अजूनही आहेत. बाकी जग ट्रान्झिस्टरकडे गेले, गिटारवादक मात्र ट्यूबला चिकटून राहिले. यामागे केवळ जुन्याचे प्रेम आहे असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दोषाचा गुण कसा झाला?

सुरुवातीच्या ॲम्प बनवणाऱ्यांना स्वच्छ आवाज हवा होता. वादकांनी नॉब शेवटपर्यंत फिरवला आणि वेगळेच घडले. ट्यूबची क्षमता संपली की सिग्नलच्या लाटेचे शेंडे दाबले जातात, त्यात मुळात नसलेले वरचे स्वर मिसळतात आणि आवाज फाटू लागतो. अभियंत्याच्या लेखी हा दोष आहे, याचे नाव डिस्टॉर्शन. रॉक संगीताने तोच उचलून धरला. ब्रिटनमधील ‘द किंक्स’चा गिटारवादक डेव्ह डेव्हिस याने तर १९६४ मध्ये हा फाटलेला आवाज मिळवण्यासाठी आपल्या छोट्या ॲम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने कापला होता.

लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणारे जिम मार्शल यांनी १९६२ च्या सुमारास फेंडर कंपनीच्या ‘बासमन’ या अमेरिकी ॲम्पच्या सर्किटवरून आपला पहिला ॲम्प तयार केला. ‘बासमन’ हा खरे तर बास गिटारसाठीचा ॲम्प. सर्किट जवळपास तेच, पण सुटे भाग ब्रिटनमध्ये मिळणारे आणि स्पीकर वेगळे, त्यामुळे आवाज बदलला. पुढे ‘द हू’सारख्या बँडना आणखी मोठा आवाज हवा झाला आणि १०० वॉटचे ॲम्प आले. त्या काळी पीए यंत्रणा दुबळी होती, सभागृह गिटारच्या ॲम्पनेच भरावे लागे. आज ज्या आवाजाला ‘क्लासिक’ म्हटले जाते, तो हजारो माणसांच्या सभागृहासाठी बनलेल्या यंत्राचा आवाज आहे. ही गोष्ट ॲम्प विकत घेताना बहुतेक जण विसरतात.

बोटांना जाणवते ते काय?

ट्यूब एकदम ‘कापत’ नाही, हळूहळू दाबत जाते. त्यामुळे हलक्या हाताने वाजवले तर स्वर स्वच्छ आणि जोर दिला की खरखरीत, असा पूर्ण पल्ला एकाच सेटिंगवर बोटांच्या ताब्यात राहतो. गिटारचा व्हॉल्यूम थोडा कमी केला तरी ॲम्प शांत होतो. वादक ज्याला ‘फील’ म्हणतात, त्याचा मोठा भाग हाच.

उरलेला भाग ट्यूबच्या बाहेर आहे. तार जोरात छेडली की जुन्या पद्धतीच्या पॉवर सप्लायचे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि सावरते. याला ‘सॅग’ म्हणतात. स्वर आधी दबतो आणि मग फुलतो. एडी व्हॅन हॅलन मुद्दाम ॲम्पला कमी व्होल्टेज देत असे. त्यासाठी तो व्हॅरिअॅक वापरे, म्हणजे आपल्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमधला डिमरस्टॅट. शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर एकमेकांवर परिणाम करतात. स्पीकरचा इम्पिडन्स प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो आणि ट्यूब ॲम्प त्याला ‘ऐकतो’, म्हणून खर्जाचा एक ठरावीक पट्टा आणि वरचे टोक उठून येते.

एक लोकप्रिय समज इथेच तपासून घ्यायला हवा. ‘ट्यूब सम हार्मोनिक देते, म्हणून ती गोड वाटते’ हे वाक्य प्रत्येक चर्चेत येते. एका ट्यूबच्या टप्प्यापुरते ते बरेचसे खरे आहे. पण बहुतेक मोठ्या ॲम्पमध्ये पॉवर ट्यूबची जोडी ‘पुश-पुल’ पद्धतीने चालते आणि त्या रचनेत सम हार्मोनिक एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून टाकतात. गोडव्याचे श्रेय एकट्या काचेच्या नळीला देता येत नाही. ते पूर्ण साखळीचे आहे, आणि साखळी म्हटली की तिचे गणित मांडता येते. डिजिटलवाल्यांनी नेमके तेच केले.

मॉडेलर काय करतो?

मॉडेलर गिटारचा सिग्नल सेकंदाला साधारण ४८ हजार वेळा मोजतो, प्रत्येक आकड्यावर गणित करतो आणि निकाल पुन्हा आवाजात बदलतो. हे गणित दोन वाटांनी येते. पहिल्या वाटेत खऱ्या ॲम्पचे सर्किट डायग्राम घेऊन त्यातील ट्यूब, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर यांचे वर्तन समीकरणांत मांडले जाते. दुसऱ्या वाटेत आत काय आहे याची फिकीर नसते. खऱ्या ॲम्पमधून ठरावीक चाचणी सिग्नल पाठवायचा, बाहेर काय आले ते नोंदवायचे आणि त्यावरून नक्कल शिकायची. जर्मनीच्या केम्परने २०११ च्या सुमारास ‘प्रोफायलिंग’ नावाने हीच कल्पना रूढ केली. आता हे काम न्यूरल नेटवर्क करते. ‘न्यूरल ॲम्प मॉडेलर’ हे मुक्त सॉफ्टवेअर तर फुकट आहे. लॅपटॉप आणि साधा ऑडिओ इंटरफेस असला की चालते.

या तंत्राने बराच पल्ला गाठला आहे. १९९८ मध्ये आलेल्या ‘लाइन ६’च्या लालचुटूक, घेवड्याच्या दाण्यासारख्या ‘पॉड’ने मॉडेलिंग घराघरांत नेले, पण त्याचा डिस्टॉर्शन वरच्या पट्टीत माशी घोंघावल्यासारखा ऐकू येई. त्यामागे एक साधे तांत्रिक कारण असते. डिस्टॉर्शनमुळे तयार होणारे अतिउच्च स्वर डिजिटल मोजणीच्या मर्यादेबाहेर जातात आणि उलटे दुमडून खाली येतात, तेही भलत्याच सुरात. याला एलियासिंग म्हणतात. उपाय म्हणजे आत आठपट-सोळापट वेगाने मोजायचे. तेव्हाच्या चिपना ते झेपत नसे. २००६ चा ‘ॲक्स-एफएक्स’, २०१५ चा ‘हेलिक्स’, त्यानंतरचा ‘क्वाड कॉर्टेक्स’ अशा यंत्रांत प्रोसेसर बळकट होत गेले आणि ही घोंघाव जवळपास संपली.

उशिराने आवाज येण्याची, म्हणजे लेटन्सीची तक्रारही आता फारशी टिकत नाही. चांगल्या मॉडेलरमधला विलंब काही मिलिसेकंदांचा असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. स्पीकरपासून तीन मीटर दूर उभ्या राहिलेल्या वादकाला खऱ्या ट्यूब ॲम्पचा आवाजही नऊ मिलिसेकंद उशिराच मिळतो आणि त्याबद्दल कुणी कुरकुर करत नाही.

मोबाइलवर ऐकून फरक कळतो का?

‘ओळखा पाहू, ट्यूब कोणती?’ अशा व्हिडीओंमध्ये भलेभले फसतात. पण यातून ट्यूब हरली असा निष्कर्ष काढणे घाईचे आहे. व्हिडीओत खऱ्या ॲम्पचा आवाज मायक्रोफोनने टिपलेला असतो. मॉडेलर नक्कल करतो तीही मायक्रोफोन लावलेल्या ॲम्पचीच. स्पीकर, कॅबिनेट आणि माइक यांचा ठसा ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ नावाच्या छोट्याशा ध्वनिफाइलमध्ये असतो आणि ती बदलली की आवाजात पडणारा फरक बऱ्याचदा ॲम्प बदलण्याइतका मोठा असतो. रेकॉर्डिंगपुरती ही स्पर्धा जवळपास बरोबरीची झाली आहे, असे म्हणायला हरकत नाही.

उरतो तो खोलीतला अनुभव. बारा इंची स्पीकर हवा ढकलतो, पँटचा पाय थरथरतो, तारा त्या आवाजाने पुन्हा कंप पावतात आणि स्वर लांबत जातो. हेडफोनमध्ये हे होत नाही. त्यामुळे पहिल्यांदा मॉडेलर वापरणारा वादक ‘यात जीव नाही’ म्हणतो. पण त्या वेळी तो ट्यूब आणि चिप यांची तुलना करत नसतो. तो मोठा स्पीकर आणि हेडफोन यांची तुलना करत असतो. त्याच मॉडेलरला पॉवर ॲम्प आणि गिटारचा कॅबिनेट जोडला की तक्रार निम्म्याहून कमी होते. कमी आवाजात माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हेही लक्षात ठेवावे. हळू वाजणारा कोणताही ॲम्प पातळच वाटतो.

वॉट, शेजारी आणि ५५ डेसिबल

ट्यूब ॲम्पची सगळी जादू तो ताणला की सुरू होते. ताणलेला ॲम्प किती मोठा वाजतो याचा हिशेब सोपा आहे. गिटारच्या बारा इंची स्पीकरना एक वॉट दिला तर एक मीटरवर ९८ ते १०० डेसिबल आवाज मिळतो, कंपन्यांच्या तक्त्यांत हाच आकडा असतो. फक्त एक वॉट. दहा वॉटला तो ११० च्या घरात जातो. म्हणूनच ‘फ्लॅट आहे म्हणून लहान, १५ वॉटचा ट्यूब ॲम्प घेतला’ हा युक्तिवाद फसवा आहे. कानाला आवाज निम्मा वाटायला वॉट दहापट कमी करावे लागतात. ३० ऐवजी १५ वॉट घेतल्याने जेमतेम तीन डेसिबल उतरतात. भिंतीपलीकडच्या आजींना तो फरक कळणारही नाही.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही परिसरातील आवाजाची मर्यादा आहे. भिंती आणि बंद खिडक्या बराच आवाज अडवतात हे खरे, पण ११० मधून वजाबाकी करायला तशा भिंती हव्यात. मुंबईच्या रॉकप्रेमींना या नियमांची झळ जुनीच आहे. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ गाजत असे. आजूबाजूला रुग्णालये आणि कॉलेज, त्यामुळे शांतता क्षेत्राचा नियम लागू झाला आणि तिथल्या मैफली थांबल्या.

मग ट्यूब ॲम्प घेऊन मास्टर व्हॉल्यूम दोनवर ठेवायचा? तसे केले तर पॉवर ट्यूब, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर झोपलेलेच राहतात. ज्या गोष्टीसाठी जास्तीचे पैसे मोजले, तीच वापरात येत नाही.

‘लोड बॉक्स’ किंवा ॲटेन्युएटर हा मधला मार्ग आहे. ॲम्पची ताकद तो उष्णतेत जिरवतो आणि ताणलेल्या ट्यूबचा आवाज हेडफोनमध्ये देतो. तंत्र उत्तम, पण चांगला लोड बॉक्स स्वतःच एका ॲम्पएवढा महाग पडतो आणि स्पीकरची नक्कल शेवटी तोही डिजिटल पद्धतीनेच करतो.

मोठे बँड काय करतात?

मेटालिकाने ८ डिसेंबर २०१३ रोजी अंटार्क्टिकातील अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला. पर्यावरणाच्या कारणास्तव तिथे मोठे स्पीकर लावता येणार नव्हते. छोट्या घुमटात बँड वाजवत होता आणि प्रेक्षक हेडफोन लावून ऐकत होते. ट्यूब ॲम्पच्या भिंतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडने तिथे ‘ॲक्स-एफएक्स’ वापरला आणि नंतर जगभरच्या दौऱ्यांतही तोच ठेवला. रोज वेगळा देश, वेगळे व्होल्टेज, विमानाचे वजन आणि तरीही रोज तोच आवाज हवा, तर डिजिटल सोयीचे पडते.

फेंडरने २०१९ मध्ये आपल्याच ‘ट्विन रिव्हर्ब’ची डिजिटल आवृत्ती काढली. ट्यूबचा ट्विन सुमारे २९ किलोचा, डिजिटल १५ किलोचा. गंमत म्हणजे ८५ वॉटच्या ट्यूब ॲम्पइतकी ताकद जाणवावी यासाठी डिजिटलमध्ये २०० वॉट घालावे लागले.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांनी हा वाद कधी घातलाच नाही. गणपतीतले कार्यक्रम असोत की लग्नातले, गिटारवादक प्रोसेसर पायाखाली ठेवतो, वायर थेट मिक्सरला देतो आणि स्वतःचा आवाज मॉनिटरमध्ये मागतो. एका रात्री लावणीपासून हिंदी गाण्यांपर्यंत तीसेक वेगळे टोन लागतात आणि साउंडवाल्याला माइक लावायला वेळ नसतो. त्यांचे यंत्र स्वस्त असेल, पण निवड चुकीची नव्हती.

देखभालीचा खर्च किती?

नियमित वाजवणाऱ्याला पॉवर ट्यूब एक-दोन वर्षांत बदलाव्या लागतात, प्रीॲम्पच्या लहान ट्यूब पुष्कळ जास्त टिकतात. अनेक ॲम्पमध्ये नव्या ट्यूब बसवल्यावर ‘बायस’ जुळवावा लागतो आणि ते काम जाणणारे तंत्रज्ञ मोठ्या शहरांतही मोजकेच आहेत. घरी खोलून पाहण्याचा मोह टाळावा. आत ३०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा भार राहू शकतो. स्पीकर न जोडता ट्यूब ॲम्प कधीच चालू करू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. नवशिक्यांचे ॲम्प याच चुकीने बिघडतात.

ट्यूब मिळण्याची खात्रीही पूर्वीसारखी नाही. गिटार ॲम्पसाठी मोठ्या प्रमाणावर ट्यूब बनवणारे कारखाने आज मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीनच देशांत आहेत. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर रशियाने अनेक वस्तूंची निर्यात रोखली तेव्हा सारातोवच्या कारखान्यातील ट्यूबही अडकल्या. एकच कारखाना, पण त्याच्या ट्यूब अर्धा डझन ब्रँडच्या नावाने विकल्या जातात. पुरवठा नंतर सुरू झाला, भाव मात्र चढले.

डिजिटलवाल्यांनी यावर फार खूश होऊ नये. १९६० च्या दशकातला फेंडर आजही दुरुस्त होतो, कारण त्यातला प्रत्येक भाग सुटा आहे. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर बोर्डच बदलावा लागतो आणि दहा वर्षांनी तो मिळेलच असे नाही. नवे मॉडेल आले की जुन्याचा भाव कोसळतो. फोनसारखेच आहे हे.

मग घ्यावे काय?

किमतीने हा प्रश्न सुटत नाही. फेंडर डिलक्स रिव्हर्बसारखा ट्यूब ॲम्प भारतात लाखाच्या पुढे जातो, तसा क्वाड कॉर्टेक्सही जातो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या, रात्री कामावरून आल्यावर तासभर वाजवणाऱ्या वादकासाठी डिजिटलच योग्य, यात फार घोळ घालण्यासारखे काही नाही. लॅपटॉप असेल तर ऑडिओ इंटरफेस, फुकटचे न्यूरल सॉफ्टवेअर आणि बरा हेडफोन इथून सुरुवात करावी. स्पीकर हवाच असेल तर ‘बॉस कटाना’सारखा बारा इंची स्पीकरचा मॉडेलिंग ॲम्प पाहावा, ५० वॉटचा कटाना एका खटक्यावर अर्ध्या वॉटवर येतो. यंत्रात शंभर ॲम्प आहेत की तीनशे, याकडे दुर्लक्ष करावे. पहिल्या महिन्यानंतर कुणीही तीन-चारच वापरतो.

ज्याच्याकडे स्वतंत्र बंगला, बंद गोदाम किंवा आठवड्यातून दोनदा बँडसोबत जॅमरूम आहे, त्याने मात्र डिजिटलच्या सोयीपायी ट्यूब ॲम्प नाकारू नये. ड्रम्सशेजारी ताणलेला १५-२० वॉटचा ॲम्प जे शिकवतो, म्हणजे हाताचा जोर आणि व्हॉल्यूम नॉब यांनी आवाज घडवणे, ते मेन्यूतून शिकता येत नाही. जॅमरूममध्ये ट्यूब ॲम्प असेल तर विकत घेण्याआधी तासाच्या भाड्यात हा अनुभव घेता येतो. दुकानात ऐकताना आपली गिटार न्यावी आणि घरी ज्या आवाजात वाजवणार, त्याच आवाजात ॲम्प ऐकावा. दुकानदार मोठ्याने वाजवून दाखवेल, तेव्हा सगळेच छान वाटते.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ॲम्प मागवायचा असेल तर मागची पाटी आधी फोटो काढून मागवावी. तिथले अनेक ट्यूब ॲम्प फक्त १२० व्होल्टचे असतात. आपल्याकडच्या २३० व्होल्टला थेट जोडले तर निदान फ्यूज उडतो, कधी त्याहून जास्त जाते. त्यासाठी पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो स्वतःच काही किलोंचा असतो. बऱ्याच मॉडेलरना १०० ते २४० व्होल्टचा सप्लाय असल्याने फक्त पिन बदलावी लागते, पण तिथली वॉरंटी इथे चालेल का, हे पैसे पाठवण्याआधी विचारून घ्यावे.